न आलेली दोन कॉन्कॉर्ड

१९६४ साली एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्ड विमानं स्वतःसाठी राखून ठेवली होती, हे तुम्हाला माहीत होतं का? मला तरी नव्हतं. बरं, नुसती कॉन्कॉर्डच नाहीत. अमेरिकेत बोईंग कंपनी त्याहून मोठं आणि त्याहून वेगवान २७०७ नावाचं विमान बनवणार होती, त्यातलीही दोन आपण सांगून ठेवली होती. म्हणजे कागदावर का होईना, मुंबईच्या ताफ्यात चार स्वनातीत विमानं होती. (स्वनातीत म्हणजे आवाजापेक्षा वेगवान. शब्द जरा शाळेच्या पुस्तकातला आहे, पण छान आहे, म्हणून वापरतोय.)

त्यातलं एकही आलं नाही. ती का आली नाहीत, ही गोष्ट मला आज सांगायची आहे. कारण तेच वेगाचं स्वप्न आता नव्या वेष्टनात परत आलंय आणि या वेळी ते थेट आमच्या घरात शिरलंय.

त्याचं असं झालं की माझ्या दाजींचा भिवंडीत मागांचा कारखाना आहे. चोवीस साधे माग, वडिलांच्या वेळचा गाळा. भाचा बारावी झाला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन, चांगल्या मार्कांनी. त्याला पायलट व्हायचंय. तेही एअरलाईनमधला नाही, कॉर्पोरेट पायलट. उद्योगपतींची ती दहा-बारा सीटची चकचकीत बिझनेस जेट असतात ना, ती उडवणारा. त्याचं गणित पक्कं आहे: "मामा, आत्ता ट्रेनिंगला लागलो की पाच-सात वर्षांत माझे तास भरतात. तेव्हाच सुपरसॉनिक बिझनेस जेट येणार. पहिल्या बॅचमध्ये मी असणार." व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सचा खर्च आज पन्नास लाखांच्या पुढेच सुरू होतो. त्यानंतर एखादं ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण, त्याचे पैसे वेगळे. दाजी गाळा विकायच्या तयारीत आहेत आणि मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, जरा बघून सांग."

तर गेले तीन विकांत मी हेच बघत होतो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात वेगापासून करू. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव 'मलबार प्रिन्सेस', कप्तान गझदर. वाटेत कैरो, जिनिव्हा असे मुक्काम. चार पंख्यांचं ते विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जायचं. त्यानंतर फक्त बाराच वर्षांनी, १९६० मध्ये, एअर इंडियाकडे बोईंग ७०७ आलं. वेग ताशी नऊशेच्या घरात. १९६२ साली तर एअर इंडियाने सगळी जुनी पंखेवाली विमानं काढून टाकली आणि जगातली पहिली फक्त जेट विमानांची एअरलाईन झाली. मुंबईची कंपनी, जगात पहिली! आजच्या पिढीला हे सांगितलं की आपण थापा मारतोय असं वाटतं.

आता तुम्ही १९६४ साली जे. आर. डी. टाटांच्या खुर्चीत बसला आहात असं समजा. गेल्या पंधरा वर्षांत वेग जवळपास दुप्पट झालेला तुम्ही पाहिलाय. ब्रिटन आणि फ्रान्स मिळून आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान बांधतायत. पॅन अ‍ॅमने १९६३ लाच नंबर लावलाय. आलेख सरळ वर चाललाय. तुम्ही काय कराल? नंबर लावाल! जगातल्या सोळा-एक विमान कंपन्यांनी तेच केलं, मिळून सत्तरच्या वर कॉन्कॉर्ड राखून ठेवली गेली. त्या काळात तो शहाणपणाचाच निर्णय होता.

फक्त आलेख तिथेच थांबला. १९६० मध्ये ७०७ ज्या वेगाने उडायचं, साधारण त्याच वेगाने आज तुम्ही-आम्ही उडतो. ऑनसाईटला जाताना समोरच्या स्क्रीनवर ताशी नऊशे किलोमीटर दिसतं ना, तो आकडा साठ वर्षांहून जुना आहे. आपल्या धंद्यात साठ वर्षांत काय काय झालं ते आठवा. विमानाच्या वेगाच्या बाबतीत मात्र पूर्ण शून्य.

असं का झालं? तेल महाग झालं, हे एक उत्तर आहे आणि ते खरंही आहे. पण त्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तीही १९६४ सालचीच.

विमान आवाजापेक्षा वेगाने जायला लागलं की त्याच्यापुढची हवा बाजूला सरकायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबाची एक लाट विमानाबरोबर जमिनीवरून फरपटत जाते. खाली उभ्या असलेल्या माणसाला तो तोफेसारखा धडाका ऐकू येतो. पुष्कळांना वाटतं की आवाजाची भिंत 'तोडताना' एकदाच धडाका होतो. तसं नाही. विमान त्या वेगात आहे तोवर वाटेतल्या प्रत्येक गावाला तो ऐकू जातो. मुंबईहून दिल्लीला असं विमान गेलं तर पालघरपासून पलवलपर्यंत सगळ्यांना. बंगळुरूमध्ये जे मित्र २० मे २०२० ला लॉकडाऊनमध्ये घरून काम करत होते, त्यांना हा आवाज आठवत असेल. अख्ख्या शहराला भूकंप वाटला होता. नंतर संरक्षण खात्याने सांगितलं की हवाई दलाची चाचणी होती.

तर १९६४ साली अमेरिकन सरकारने ओक्लाहोमा सिटी या शहरावर प्रयोग केला. फेब्रुवारीपासून सहा महिने, लढाऊ विमानं वरून नेऊन, दिवसाला आठ धडाके. एकूण १,२५३. लोकांना सवय होते का, हे बघायचं होतं. काचा फुटल्या, हजारो तक्रारी आल्या, आणि शेवटी विचारल्यावर २७ टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही याच्याबरोबर राहू शकत नाही. लक्षात घ्या, उरलेले ७३ टक्के 'चालेल' म्हणाले होते. पण शहराच्या चौथा हिस्सा लोकांना जे असह्य आहे, ते रोज, सगळ्या देशावर करता येत नाही. पुढे १९७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बोईंग २७०७ चे पैसे बंद केले. आपली त्यातली दोन विमानं तिथेच संपली. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून नागरी स्वनातीत उड्डाणाला बंदीच घातली.

मला यात भिवंडी दिसते. हसू नका. आमच्याकडे माग घरांच्या मध्ये आहेत. भिंतीला भिंत लागून. धोटा इकडून तिकडे आपटतो तो खटका दिवसरात्र चालू असतो, आणि कारखान्यात उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्हाला तो आवाज चालतो, कारण त्या खटक्यावर घर चालतं. वीज गेली आणि माग थांबले की उलट झोपमोड होते, असं सांगणारी माणसं मी लहानपणापासून ऐकलीयत. पण समजा तो खटका कुणा तिसऱ्याच्या कापडाचा असता, कापडही परदेशात गेलं असतं आणि आपल्या वाट्याला फक्त आवाज आला असता, तर? आवाज किती डेसिबलचा, यापेक्षा तो कुणाचा, हा प्रश्न मोठा असतो. कॉन्कॉर्डमध्ये शंभर माणसं बसायची. धडाका मात्र खालच्या लाखोंना ऐकू गेला असता.

आणि हा प्रश्न भारतानेही विचारला, बरं का. २१ जानेवारी १९७६ ला कॉन्कॉर्डची प्रवासी सेवा सुरू झाली, तीही न्यूयॉर्कला नाही! एक विमान पॅरिसहून डकारमार्गे रिओला आणि दुसरं लंडनहून बाहरीनला. बाहरीन हे काही शेवटचं स्टेशन नव्हतं. तिथून पुढे सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया गाठायचं होतं. नकाशा उघडून बघा, मध्ये कोण आहे? आपण. भारताने आपल्या जमिनीवरून स्वनातीत वेगाने जायला परवानगी दिली नाही. १९७७ मध्ये सिंगापूरपर्यंत सेवा सुरू झाली, पण मलेशियाच्या हरकतीमुळे तीन फेऱ्यांतच थांबली. १९७९ ला परत सुरू झाली आणि १९८० मध्ये कायमची बंद. म्हणजे ज्या देशाने १९६४ ला दोन कॉन्कॉर्ड राखून ठेवली होती, त्याच देशाने दहा-बारा वर्षांनी कॉन्कॉर्डला आपल्या जमिनीवर आवाजापेक्षा हळू चालायला सांगितलं. यात मला विसंगती वाटत नाही. विकत घेणारा भारत वेगळा होता आणि खाली राहणारा भारत वेगळा. शेवटी खाली राहणाऱ्याचं चाललं.

एअर इंडियाने आपला नंबर १९७५ साली सोडला. तोपर्यंत पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए दोघींनी १९७३ च्या जानेवारीतच काढता पाय घेतला होता. कॉन्कॉर्ड शेवटी फक्त दोघींनी चालवलं, ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स. प्रत्येकीकडे सात विमानं. जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ एक कोसळलं, ११३ माणसं गेली. २००३ मध्ये सेवा बंद झाली.

आता या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. तो कुणी सांगत नाही, आणि तोच भाच्याच्या कामाचा आहे.

कॉन्कॉर्डचं पहिलं उड्डाण झालं २ मार्च १९६९ ला. त्याच्या तीनच आठवडे आधी, ९ फेब्रुवारी १९६९ ला, आणखी एका विमानाने पहिलं उड्डाण केलं होतं: बोईंग ७४७, जम्बो. वेग तोच जुना, पण पोटात साडेतीनशेच्या वर माणसं. एकाच महिन्यात जगापुढे दोन भविष्यं उभी राहिली. एक म्हणत होतं, थोड्यांना फार लवकर नेऊ. दुसरं म्हणत होतं, पुष्कळांना आहे त्याच वेगाने नेऊ. एअर इंडियाने १९७१ मध्ये पहिलं जम्बो आणलं, 'एम्परर अशोका'.

आणि मग १९७३ चं तेलसंकट आलं. कॉन्कॉर्ड घासलेट प्यायल्यासारखं इंधन प्यायचं, त्याचा हिशेब कोलमडला. पण तेलाचे ते वाढलेले पैसे कुठे गेले? आखातात. तिथे रस्ते, बंदरं, हॉस्पिटलं बांधायला माणसं हवी होती. ती केरळातून गेली, आणि आपल्याकडून रत्नागिरी, महाड, मुंब्रा, भिवंडीतूनही गेली. माझ्या वर्गातल्या निदान चार-पाच मुलांचे वडील 'दुबईला' असायचे. मग ते प्रत्यक्षात कुवेतला असोत की मस्कतला, भिवंडीच्या भाषेत ते दुबईलाच. म्हणजे ज्या धक्क्याने वेगवान विमान मेलं, त्याच धक्क्याने मंद विमानं भरली. मुंबई-आखात हा रस्ता वेल्डर, फिटर, सुतार आणि नर्सांनी भरलेल्या विमानांचा झाला. वैमानिकांच्या नोकऱ्या तिथे तयार झाल्या.

हे मी आकड्यांत मांडून बघितलं. कॉन्कॉर्डच्या २७ वर्षांत प्रवासी सेवेत होती एकूण १४ विमानं. आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. चार महिन्यांत ९७० विमानं, त्यात आवाजापेक्षा वेगाने जाणारं एकही नाही.

आता 'बिझनेस जेट' या प्रकाराकडे येऊ. आवाजापेक्षा वेगवान बिझनेस जेट ही कल्पना नवी मुळीच नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेची गल्फस्ट्रीम आणि रशियाची सुखोई (हो, आपली ती लढाऊवाली) मिळून असं एक विमान बनवणार होत्या. गल्फस्ट्रीम थोड्याच काळात बाहेर पडली. नंतर एअरियन नावाची कंपनी आली. एएस२ हे त्यांचं विमान, आठ ते बारा माणसं, आवाजाच्या १.४ पट वेग, किंमत बारा कोटी डॉलर. एअरबस झाली, लॉकहीड झाली, बोईंग झाली, एकामागून एक मोठे भागीदार येऊन गेले. भाड्याने जेट देणाऱ्या फ्लेक्सजेटने २०१५ मध्ये वीस विमानं सांगितली. मागणी काही अब्ज डॉलरची आहे, असं कंपनी सांगत होती. मे २०२१ मध्ये कंपनी बंद पडली. एकही विमान बांधलं गेलं नाही. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या स्टार्टअपमध्ये भिंतीवर टांगलेले ग्राहकांचे लोगो पाहिलेत, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. :-)

मग भाचा ज्या बातम्या दाखवतो त्या खोट्या आहेत का? नाहीत. तेही सांगायला हवं. २८ जानेवारी २०२५ ला बूम कंपनीच्या एक्सबी-१ या छोट्या चाचणी विमानाने आवाजाचा वेग ओलांडला. त्यांनी दाखवून दिलं की ठरावीक उंचीवर, ठरावीक हवामानात, आवाजाच्या किंचित वर राहिलं तर धडाक्याची लाट वरच वळते, जमिनीपर्यंत पोचत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची ती बंदी उठवायचा आदेश काढला. २८ ऑक्टोबर २०२५ ला नासाचं एक्स-५९ पहिल्यांदा उडालं. त्याचं नाक इतकं लांब आहे की वैमानिकाला पुढचं दिसत नाही, कॅमेऱ्यातून बघावं लागतं. धडाक्याचा नुसता 'धप्' व्हावा, शेजाऱ्याने गाडीचं दार लावल्याइतका, असा त्यामागचा उद्देश आहे. म्हणजे साठ वर्षांनी का होईना, खाली राहणाऱ्या माणसाचा विचार करून विमानाचा आकार ठरतोय. इंजिनिअर म्हणून मला हे भन्नाट वाटतं.

पण त्याच बूमची डिसेंबर २०२५ ची बातमी भाच्याने पाहिली नव्हती. स्वनातीत विमानासाठी जे इंजिन बनवतायत, त्याच्याच गाभ्यावर आधारलेली जनित्रं ते आता विकणार आहेत. कुणाला? एआयच्या डेटा सेंटरला वीज पुरवायला! त्या पैशातून पुढे विमान पूर्ण करायचं, असं कंपनी म्हणते. कदाचित करतीलही. पण सध्या त्या इंजिनाचं पहिलं मोठं गिऱ्हाईक हवेत नसून जमिनीवर आहे, आणि ते आपल्याच धंद्यातलं आहे.

समजा, हे सगळं जमलं. विमान आलं, शांत आलं, परवानगीही मिळाली. तरी मुंबईच्या माणसाचा किती वेळ वाचेल? मी रफ हिशेब केला. मुंबई-दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, जवळपास सगळा समुद्र, म्हणजे धडाक्याची अडचण कमीच. चढण्या-उतरण्याचं अंतर सोडून १,४०० किलोमीटर आवाजाच्या १.४ पट वेगाने गेलो, तर वाचतात चाळीसेक मिनिटं. एवढी मिनिटं तर दाजी माणकोली नाका ते माजिवडा घालवतात, तेही कंटेनर आडवा झालेला नसेल तर. भिवंडी ते मुंबई विमानतळ पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, आणि संध्याकाळी त्याला लागणाऱ्या वेळात विमान अरबी समुद्राच्या मध्यावर गेलेलं असतं. लंडनला मात्र खरोखर तीन तासांवर वाचतील. पण ती वाट इराण, तुर्कस्तान, युरोप अशी बहुतेक जमिनीवरूनच जाते. म्हणजे परत प्रश्न खालच्यांचा.

शिवाय उडायला जागा लागते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत गर्दीच्या तासांतली उड्डाणं कमी करण्यात आली आणि बिझनेस जेटवर त्या तासांत बंधनं आली. शेठजींचं विमान कितीही वेगवान असो, ते आधी रांगेत. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, त्याने हा ताण हलका व्हायला हवा. पण बघा, प्रत्येक वेळी वेग विमानात सापडत नाही, जमिनीवर सापडतो.

आता वैमानिकाच्या खुर्चीकडे. १९४८ च्या त्या कॉन्स्टेलेशनमध्ये दोन वैमानिकांशिवाय फ्लाईट इंजिनिअर, दिशा काढणारा नॅव्हिगेटर आणि रेडिओ ऑफिसर लागायचे. कॉन्कॉर्डमध्ये तिघं उरले. १९८८-८९ मध्ये एअरबस ए-३२० आणि बोईंग ७४७-४०० आली आणि दोघंच राहिले. लांब प्रवासात मधल्या वेळी एकच वैमानिक ठेवता येईल का, यावर युरोपात अभ्यास झाला. २०२५ मध्ये तिथल्या सुरक्षा संस्थेने सांगितलं की आजच्या घडीला ते दोघांइतकं सुरक्षित आहे असं दाखवता येत नाही. म्हणजे दुसरी खुर्ची तूर्त शाबूत आहे. विमान वेगवान झालं म्हणून खुर्च्या वाढल्या, असं मात्र इतिहासात एकदाही झालेलं नाही.

हे मागवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. भिवंडीत 'जेट' म्हटलं तर आधी एअरजेट माग डोळ्यापुढे येतो. साधा माग मिनिटाला शे-दीडशे फेऱ्या मारतो, एअरजेट सहाशेच्या वर. एअरजेट आला म्हणून विणकर वाढले का? उलट, एक माणूस जास्त माग सांभाळू लागला. नोकऱ्या वाढतात त्या कापडाची मागणी वाढली तर.

कॉर्पोरेट पायलटचं काम स्वतः वेगळं असतं, हेही मी भाच्याला सांगितलं. त्यात उडणं कमी आणि थांबणं जास्त. मालक मीटिंगला, वैमानिक विमानाजवळ. मीटिंग लांबली तर लांबली. वेळापत्रक मालकाच्या फोनवर ठरतं. एअरलाईनमध्ये तास भराभर जमतात, कप्तान व्हायला लागणाऱ्या लायसन्ससाठी १,५०० तास लागतात, आणि छोट्या ताफ्यात तेवढे जमायला वर्षं जातात. मोबदल्यात पैसे चांगले, नवी नवी विमानतळं, आणि माणूस म्हणून ओळख. वाईट नोकरी नाही. पण एका मालकाच्या नशिबाला बांधलेली नोकरी आहे.

एअरलाईन म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तिन्ही वेळा मुंबईतले वैमानिक हप्ते अंगावर असताना घरी बसले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ती कशामुळे? वैमानिकांच्या झोपेच्या नियमांमुळे. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि तेवढे वैमानिक हाताशी नव्हते. जगातल्या एका मोठ्या एअरलाईनला अडवलं ते विमानाच्या वेगाने नाही, माणसाच्या थकव्याने. भाच्यासाठी माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात आशेची बातमी हीच आहे. माणूस लागतोय, आणि विश्रांती घेतलेला माणूस लागतोय.

एक उदाहरण मात्र मी त्याला लक्षात ठेवायला सांगितलंय. कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये कोलकाता ते सिलचर या मार्गावर फक्त महिलांच्या चमूने विमान नेलं, त्याच्या त्या कप्तान होत्या. सहवैमानिक निवेदिता भसीन. विमान कुठलं? फोकर फ्रेंडशिप. पंख्यांचं, कॉन्कॉर्डच्या चौथ्या हिश्श्याहून कमी वेगाचं. तेव्हा कॉन्कॉर्ड जोरात उडत होतं. आज फोकरही नाही आणि कॉन्कॉर्डही नाही. पण त्या कॉकपिटमध्ये जे बदललं ते टिकलं. आज भारतातल्या वैमानिकांमध्ये महिलांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत गणलं जातं.

तर दाजींना मी काय सांगितलं? पोराला पायलट होऊ द्या, पण सुपरसॉनिकवर गाळा लावू नका. आधी डीजीसीएच्या डॉक्टरांकडून वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळा, कान, हृदय यात अडलं तर पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं. मग हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशाशोधन हे पेपर घरी बसून द्या, त्याला फार खर्च नाही आणि पोराचा दमही कळतो. उडायचे २०० तास त्यानंतर. फी एकरकमी कुणालाही देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या. आणि गाळा विकण्यापेक्षा भाड्याने देता येतो का बघा. भिवंडीत आज गोदामवाले जागा शोधत फिरतायत. आपली ऑनलाईन मागवलेली खोकी तिथूनच तर निघतात.

दाजींना हे पटलंय. भाचा अजून थोडा नाराज आहे. त्याचं म्हणणं, "मामा, कुणीतरी पहिला असतोच ना?" असतो, नक्की असतो. एक्स-५९ सारखं विमान उद्या खरंच 'धप्' एवढाच आवाज करत मुंबईवरून गेलं, तर ते उडवायला कुणीतरी लागेल, आणि त्याच्याकडे तोपर्यंत हजारो तास असतील. ते तास कुठे भरलेले असतील? रात्री अडीचला उतरणाऱ्या मस्कतच्या फ्लाईटवर, जळगाव-नांदेडच्या छोट्या विमानावर. कॉन्कॉर्डच्या खुर्चीतही थेट शाळेतून कुणी गेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा हिशेब चालू असेल तर त्यांना हे जरूर वाचायला द्या. पुढच्या विकांताला जुहूच्या धावपट्टीबद्दल लिहायचं म्हणतोय. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. विमानाचा वेग सांगितला तर हसाल, पण नोकऱ्या त्यातूनच निघाल्या.